पँट उलटी करून बघा

यंदाच्या अंकाचा विषय ‘पोशाख’ असा ठरला, तेव्हा पैठणी, इरकल, नऊवारी आणि पगडी यांची वाटणी माझा फोन लागायच्या आधीच होऊन गेली होती. मग मी रस्त्यावर खरोखर दिसतं ते मागून घेतलं. चांदणी चौक मागे टाकून पौड रस्त्याला लागलं, की भूगाव, भुकूम, पिरंगुट अशा प्रत्येक थांब्यावर तिशीच्या आतल्या बहुतेकांच्या पायांत दोनांपैकी एक गोष्ट असते. मांडीवर खिसे लावलेली ढगळ कार्गो, नाहीतर घोट्याशी आवळलेली जॉगर. कारखान्याच्या बसची वाट बघणारा, लवळ्याच्या विद्यापीठांतली मुलं-मुली, मोटरसायकलला दुधाचे कॅन अडकवून निघालेला, शनिवारी पहाटे ताम्हिणीकडे चाललेलं ट्रेकरांचं टोळकं, सगळे त्यातच. हिंजवडीही याच तालुक्यात. तिथल्या आयटी कंपन्यांत आता शुक्रवारची वाट कुणी बघत नाही. सोमवारीही कार्गो चालते.

मुळशी म्हटलं की सेनापती बापटांचा १९२१ चा सत्याग्रह, टाटांचं धरण, भौगोलिक मानांकन मिळालेला आंबेमोहोर आणि २०१८ पासून प्रवीण तरडे यांचा सिनेमा, एवढं लोकांना आठवतं. त्या यादीत पँट नाही. पण कपड्याचा कस लावायला याहून कडक जागा पुणे जिल्ह्यात शोधावी लागेल. चार महिने पाऊस, घाटातले चढ, भाताच्या खाचरातला चिखल आणि वर रोजचा तास-दीड तास मोटरसायकलच्या सीटवर. इथे दोन पावसाळे काढलेली पँट सहसा कुठेही निभावते.

चांगली पँट कोणती हे दुकानदाराला विचारून फारसं कळत नाही, कारण त्याच्याकडे वाईट अशी एकही नसते. म्हणून मी आधी दुरुस्तीवाल्याकडे गेले.

दुरुस्तीचा ढीग

पिरंगुटमध्ये रस्त्यालगतच्या एका इमारतीच्या जिन्याखाली काकांची दोन मशिनं आहेत. एक मोटर लावलेलं साधं, दुसरं ओव्हरलॉक. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ते लग्नसराईत सफारी शिवायचे. आता नवं शिवायला कुणी येत नाही. “सगळं अल्टर,” ते म्हणाले. “उंची कमी, कंबर कमी, चेन बदल, आसन गेलं.” शेजारी गुडघाभर ढीग होता. त्यातल्या निम्म्याहून जास्त पँटी कार्गो आणि जॉगर होत्या. मी एकेक उचलून विचारत गेले आणि ते काम न थांबवता सांगत गेले.

सगळ्यांत जास्त पँटी आसनातून जातात. दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी आणि पुढची-मागची शिवण जिथे येऊन मिळते तो चौक. उकिडवं बसलं, गाडीवर टांग टाकली, की चारी बाजूंची ओढ त्या एका ठिपक्यावर येते. स्वस्तातल्या पँटीत तिथे एकेरी टीप आणि आत तीन धाग्यांची ओव्हरलॉक असते. ओव्हरलॉक असते ती कापडाची कड सुटू नये म्हणून. ओढ झेलणं तिचं काम नव्हे. जरा बरी पँट घेतली तर आत पाच धागे दिसतात, म्हणजे कडेला ओव्हरलॉक आणि तिच्या आतल्या बाजूला साखळी टाक्याची वेगळी टीप. त्याहून भक्कम म्हणजे जीन्सला असते तशी शिवण. दोन्ही कडा एकमेकींत दुमडलेल्या, वरून दोन समांतर टिपा, आणि उलट्या बाजूनेही कापडाची कच्ची कड कुठे दिसत नाही. आणि सगळ्यांत शहाणी रचना म्हणजे आसनात वेगळा चौकोनी तुकडा घालणं. कारखान्यात त्याला गसेट म्हणतात. चार शिवणी एका बिंदूत न भेटता तुकड्याच्या चार कोपऱ्यांवर भेटतात, ओढ वाटली जाते. कापड जास्त लागतं, वेळ जास्त लागतो, म्हणून पाचशेच्या पँटीत तो सहसा नसतो. दोन हजारांच्या पँटीतही पुष्कळदा नसतो, हेही काकांनी ढिगातलीच एक बरीच महागडी पँट उलटी करून दाखवलं.

दुसरी जागा खिशाचा वरचा कोपरा. फोन, पॉवर बँक, छोटी पाण्याची बाटली असं वजन मांडीवरच्या खिशात पडतं आणि पावलागणिक हेलकावे खातं. ते सगळं खिशाच्या वरच्या दोन टोकांवर लोंबतं. तिथे बारटॅक हवा. म्हणजे सेंटीमीटरभर जागेत आडवे-उभे दाट टाके मारून केलेली गाठ. त्याचं वेगळं मशीन असतं आणि एका बारटॅकमध्ये साधारण २८ किंवा ४२ टाके बसतात. बोटाने चाचपलं की टणक लागतं. बेल्टच्या पट्ट्या, पुढच्या चेनचा खालचा शेवट, मागच्या खिशांचे कोपरे, मांडीवरच्या खिशाच्या झाकणाची दोन्ही टोकं, एवढ्या जागी तो असला की पँट करणाऱ्याने विचार केला आहे असं समजावं. काकांकडे हे मशीन नाही. ते पुढे-मागे टीप मारून तेच काम हातचलाखीने करतात.

टाके किती दाट असावेत, यावर मात्र त्यांनी मला थांबवलं. मी म्हटलं, दाट तितकं चांगलं ना? “पातळ कापडाला दाट टाका म्हणजे टपालाच्या तिकिटांसारखं भोकं पाडून ठेवणं,” काका म्हणाले. ओढ बसली की कापड टाक्यांच्या रेषेतूनच फाटतं. एका इंचात आठ ते बारा टाके हा बहुतेक पँटींचा मेळ. जाड कॅनव्हासला आठ, मऊ पातळ कापडाला अकरा-बारा. सहाच्या खाली गेले तर कारखान्याने वेळ वाचवला. काका अंगठ्याच्या पेराने मोजतात, ते पेर इंचाच्या जवळपासच असतं.

आणखी एक गोष्ट त्या ढिगाने शिकवली. फाटून आलेल्या पँटी थोड्या होत्या, उसवून आलेल्या जास्त. उसवलेली पँट दहा मिनिटांत परत उभी राहते. फाटलेलीला ठिगळ लागतं आणि ठिगळाचा रंग जुळत नाही. काही पँटींचं कापड अजून पाच वर्षं चाललं असतं, फक्त शिवण त्याच्या लायकीची नव्हती.

सैनिकाच्या मांडीवरून

मांडीवरचा हा खिसा पहिल्यापासून वजन वाहायलाच होता. १९३८ च्या सुमारास ब्रिटिश सैन्याने बॅटलड्रेस नावाचा लोकरी पोशाख स्वीकारला. त्याच्या विजारीला डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, नकाशा मावेल एवढा खिसा होता आणि उजवीकडे कमरेखाली मलमपट्टीचा लहान खिसा. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या हिवाळ्यात भारतीय पलटणींच्या अंगावरही हाच पोशाख आला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच मोहिमेत. मांडीवरचा खिसा मराठी पायांना तसा नवा नाही.

दोन्ही मांड्यांवर फुगणारे मोठे खिसे आले ते अमेरिकी छत्रीधारी सैनिकांच्या पोशाखात. विल्यम यारबरो या अधिकाऱ्याने १९४२ मध्ये त्याची रचना केली. उडी मारणाऱ्याला सगळं सामान अंगावर घ्यावं लागे, म्हणून खिसे मोठे. पण कापड हलकं होतं. खिसे ठासून भरले की शिवणी जात, गुडघे फाटत. १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरण्यापूर्वी पॅराशूट दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनीच या विजारींच्या गुडघ्यांवर आणि खिशांवर कॅनव्हासचे तुकडे शिवले आणि भरलेला खिसा झुलू नये म्हणून मांडीला बांधायचे बंद लावले. आजच्या कार्गोवर जे पट्टे नुसते लोंबत असतात त्यांचं मूळ या बंदांत आहे. सैनिक ते घट्ट बांधायचा. पौड रस्त्यावर ते मोकळे सोडून मोटरसायकल चालवणारी मुलं पाहिली की पोटात गोळा येतो, कारण लोंबता पट्टा चेनमध्ये जायला क्षणभर पुरतो. गाडीवर जाणाऱ्याने पट्ट्यांची पँट घेऊ नये, घेतलीच तर पट्टे कापून टाकावेत. इतक्या ठामपणे मी या लेखात दुसरं काही सांगणार नाही.

पुढे नव्वदच्या दशकात हिप-हॉपवाल्यांनी ही विजार ढगळ करून रस्त्यावर आणली. मग ती मागे पडली, आणि आता पुन्हा आली आहे. पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरून निघालेला एमसी स्टॅन २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला, तेव्हापासून पिरंगुटच्या दुकानात ‘स्टॅनसारखी द्या’ असं म्हणणारी मुलं येतात.

ताम्हिणीचा पाऊस आणि कापड

ताम्हिणीत पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. अंधारबनच्या वाटेने पिंपरीहून भिऱ्याला उतरणाऱ्यांचं अख्खं जंगल ओल्या कपड्यांत पार होतं. इथले ट्रेक नेणारे आयोजक आदल्या दिवशी निरोप पाठवतात त्यात ‘जीन्स नको’ हे ठळक असतं. जाड सुती कार्गोही नको, हे मात्र कुणी लिहीत नाही.

गंमत अशी, की ओला सुती धागा कोरड्यापेक्षा कमजोर नसतो, उलट जरा बळकटच असतो. तरीही सुती कार्गो पावसातच आसनातून जाते. कारण ओलं कापड मांडीला आणि गुडघ्याला चिकटतं, त्वचेवरून सरकत नाही. घनगडाच्या शिडीवर पाय उंच टाकायचा झाला, की कोरडी पँट गुडघ्यावरून वर सरकून जागा करून देते. ओली तशीच बसून राहते आणि सगळी ओढ आसनाला लागते. वर पाण्याचं वजन. म्हणून पावसात चालायचं असेल तर सैल मांडी, आसनात गसेट आणि गुडघ्याला दिलेल्या चुण्या किंवा वेगळा तुकडा यांचा उपयोग दिखाऊ खिशांपेक्षा कितीतरी जास्त.

कापडांत मुख्य तीन-चार प्रकार पुढे येतात. ट्विलवर तिरप्या बारीक रेघा दिसतात. ते मऊ पडतं, घडी छान बसते आणि रोजच्या वापराला तेच बरं. कॅनव्हास जाड, साधी वीण, घर्षणाला टणक, पण वाळायला अवघड. रिपस्टॉपवर लहान लहान चौकड्या दिसतात. दर काही मिलिमीटरवर एक जाड धागा उभा आणि आडवा घातलेला असतो. काट्याने भोक पडलं तर चीर त्या जाड धाग्यापर्यंत जाते आणि तिथे अडते. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटच्या नायलॉनसाठी ही वीण आली. आता ती सुतातही मिळते. फसवणूक इथे होते. काही पँटींवर चौकड्या नुसत्या छापलेल्या असतात. कापड तिरपं करून उजेडात धरलं की खऱ्या चौकडीचा उंचवटा दिसतो, आणि उलट्या बाजूनेही ती असते.

नायलॉन आणि पॉलिस्टर लवकर वाळतात, म्हणून पावसाळ्यात त्यांना पर्याय नाही. पण पॉलिस्टर घामाचा वास धरून ठेवतं, आणि मुळशीत जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमटच राहतात. या भागात राहणाऱ्याने पावसाळ्याला एक पातळ नायलॉनची आणि उरलेल्या आठ महिन्यांना एक सुती ट्विलची ठेवावी. दोन्हींचं काम एकीवर भागवायला गेलं की दोन्ही ऋतूंत हाल होतात.

आणि कुसळं. दिवाळीनंतर गवत वाळतं, तेव्हा डोंगरात गेलेल्या प्रत्येकाच्या पायात कुसळं आणि आघाड्याचं बी. खिशाच्या झाकणांना जो व्हेल्क्रो असतो तो जॉर्ज दे मेस्त्राल या स्विस इंजिनिअरला कपड्यांना चिकटलेल्या अशाच आकड्यांच्या बियांवरून सुचला. मुळशीच्या गवतात ही उसनवारी उलटी फिटते: दोन-तीन ट्रेकमध्ये व्हेल्क्रोत इतका कचरा भरतो की झाकण लागेनासं होतं. डोंगरात जाणाऱ्याला टिचबटणाची झाकणं बरी. मागावरच्या गुळगुळीत कापडाला कुसळं कमी धरतात, जॉगरच्या विणीत ती आरपार रुततात. जॉगर घालून कोरड्या गवतातून गेलेल्या माणसाची संध्याकाळ कशात जाते ते वेगळं सांगायला नको.

जॉगरचं पोट

कार्गोचं कापड मागावरचं, ताणा-बाण्याचं. ते इचलकरंजीसारख्या गावांत तयार होतं, जिथे विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला. जॉगर ही होजियरी. फास्यांत फासे अडकवून विणलेली, म्हणून ताणली जाते. दुकानातल्या जॉगर कुठून आल्या विचारलं तर तिरुपूर हे उत्तर बहुतेक वेळा येतं, कधी लुधियाना.

जॉगर उलटी केली की तिचं पोट दिसतं आणि निम्मी परीक्षा तिथेच होते. आत बारीक फास्यांच्या ओळी दिसल्या तर ती लूप-निट. घाम शोषते, वारा लागतो, पुण्याच्या हवेला बारा महिने चालते. तेच फासे ब्रशने पिंजून लोकरीसारखे केले की फ्लीस. हिवाळ्यात पौडच्या पहाटेला ती सुखाची, पण जुलैत धुतली तर तिसऱ्या दिवशीही कंबर ओली. आत-बाहेर सारखंच गुळगुळीत दिसलं तर इंटरलॉक, नाहीतर साधं सिंगल जर्सी. सिंगल जर्सीची पँट मला स्वतःला पटत नाही. ती घरात झोपायला ठीक, बाहेर तिचे गुडघे चार दिवसांत फुगतात.

गुडघ्यांचा हा फुगा म्हणजे जॉगरचा मोठा आजार. त्यावर उपाय म्हणून कापडात इलास्टेन घालतात, तीन ते पाच टक्के. दुकानात त्याला सरसकट लायक्रा म्हणतात. मुळात तो ड्युपॉन्ट कंपनीच्या धाग्याचा छाप, १९५८ मध्ये जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने शोधलेला. परीक्षा सोपी आहे. गुडघ्याच्या जागी कापड दोन्ही हातांनी ताणायचं, पाच आकडे मोजायचे आणि सोडायचं. लगेच पूर्ववत झालं तर ठीक. सुरकुत्या किंवा फुगा राहिला तर ती पँट दुकानातच राहू द्यावी. इलास्टेनला गरम इस्त्री आणि ब्लीच या दोन गोष्टी मारतात. म्हणून महागातली जॉगर आणून तिच्या घोट्याशी आवळणाऱ्या पट्टीवर, म्हणजे रिबवर, कडक इस्त्री फिरवणं म्हणजे पैसे जाळणं.

दुसरा आजार गोळे. आखूड तंतूंच्या सुताला घर्षणाने गोळे येतात. शुद्ध सुतात ते हळूहळू गळून पडतात. पॉलिस्टर मिसळलेल्या कापडात मात्र चिवट पॉलिस्टर त्या गोळ्यांना धरून ठेवतं आणि मांडीचा आतला भाग कायमचा खरबरीत होतो. कोम्ब्ड सुतात आखूड तंतू आधीच विंचरून काढलेले असतात. लेबलवर तो शब्द असला तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. दुकानात कापड कापडावर दहा-वीसदा घासून बघावं. तेवढ्यात केसाळ झालं तर धुण्यात काय होणार?

तिसरी खोड शिवण फिरण्याची. दोन-तीन धुण्यांनंतर बाजूची शिवण पुढे वळून नडगीवर येते. धाग्याला जादा पीळ असला किंवा कारखान्यात कापड तिरकं कापलं गेलं की असं होतं. हे नव्या पँटीतही ओळखता येतं. पँट कमरेला धरून लोंबती सोडायची आणि दोन्ही बाजूंच्या शिवणी थेट खाली उतरतात का ते बघायचं.

कमरेकडे काकांनी माझं मुद्दाम लक्ष वेधलं. नेफ्यात इलास्टिक नुसतं सरकवलं असेल तर ते धुण्यात पिळवटतं आणि दोरीसारखं कमरेत रुततं. चांगल्या जॉगरमध्ये इलास्टिकवर आडव्या तीन-चार टिपा असतात. चार सुयांच्या ज्या मशीनवर त्या पडतात त्याला कारखान्यात कान्साई म्हणतात. त्या टिपांमुळे इलास्टिक वळत नाही. मात्र ते सैल पडलं की बदलणं हे डोकेदुखीचं काम, सगळ्या टिपा उसवाव्या लागतात. नुसत्या सरकवलेल्याचं तसं नाही, ते पिनेने ओढून घरीही बदलता येतं. दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मी टिपांच्या बाजूची आहे, आणि आत नाडीही असावी. ती नाडी मागे मधोमध टाचलेली असली, तर धुण्यात निघून जात नाही.

रॅकसमोर

मुळशीत हे कपडे विकत घ्यायच्या जागा तीन थरांत आहेत. रस्त्याकडेला टेम्पो लावून प्लॅस्टिकच्या ताडपत्रीवर मांडलेले ढीग, साडेतीनशेपासून पुढे. पिरंगुट, पौड, माण-हिंजवडीतली काचेची दुकानं, सहाशे ते पंधराशे. आणि वाकडच्या मॉलकडे गेलं की आकडा कुठेही जाऊ शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर जीएसटी ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के झाला आहे. सव्वीसशेची पँट घेताना एवढं ध्यानात असावं, की त्यातला बराच पैसा कापडात गेलेला नाही.

किंमत आणि शिवण यांचं नातं सैल आहे, हे तिन्ही थरांत पँटी उलट्या करून पाहिल्यावर दिसतं. टेम्पोच्या ढिगात निर्यातीतून बाजूला काढलेल्या एखाद्या पँटीला पाच धाग्यांची शिवण आणि जागोजागी बारटॅक सापडतो. तिच्यात दोष असतो तो रंगाच्या फरकाचा किंवा एखाद्या मापाचा. उलट काचेच्या दुकानात मोठ्या छापाखाली एकेरी टीप. पँट उलटी करताना दुकानदाराच्या कपाळावर आठी पडते खरी. भुकूमच्या एका दुकानात मालक म्हणाला, “बघा ना मॅडम, फक्त घडी परत तुम्हीच घाला.” मी घातली.

खिशात हात घालून आतलं अस्तर चिमटीत धरून बघावं. बाहेर कॅनव्हास आणि आत मलमलीसारखं पातळ पोट असेल, तर गाडीची किल्ली महिन्याभरात आरपार जाते. मांडीवरचा खिसा नुसता वर शिवलेला चपटा आहे की बाजूंना चुण्या असलेला फुगणारा, हे बघावं. चपट्यात फोन ठेवला की पँटच फुगते आणि मांडी ओढली जाते. खिसा कुठे आहे हेही महत्त्वाचं. उभं राहून हात सैल सोडल्यावर बोटं झाकणापर्यंत पोचली पाहिजेत. आणि दुकानातल्या स्टुलावर गाडीवर बसतो तसं बसून बघावं. फोन मांडीखाली येत असेल तर खिसा फार मागे आहे. खिशाच्या तळाला छोटी पितळी रिंग असली तर पाणी निथळून जातं, पण ही चैन फार थोड्या पँटींत दिसते.

चेनची जाडी आकड्यांत सांगतात, आणि तो आकडा साधारणपणे मिटलेल्या दातांची मिलिमीटरमधली रुंदी असतो. पुढच्या चेनला पाच नंबर भक्कम. तीन नंबर नाजूक, ती खिशाला ठीक. धातूची चेन दमट हवेत गंजते किंवा हिरवी पडते, म्हणून इथल्या पावसाला नायलॉनची दातेरी चेन जास्त मानवते. चेन वर ओढून पट्टी खाली पाडायची आणि दोन्ही बाजूंनी कापड हलकेच ओढायचं. सरकणारा तुकडा जागचा हलला नाही, तर त्याला आतून अडकण आहे. जपानच्या वायकेके कंपनीचं नाव कोरलेलं दिसलं की खूण चांगली, पण नावाच्या नकलाही बाजारात असतात. ओढून बघणं जास्त खरं.

ठिपक्याठिपक्यांच्या लष्करी नक्षीच्या कार्गोची मागणी मोठी आहे. भारतीय सैन्याचा नवा गणवेश जानेवारी २०२२ मध्ये आला, त्याच्या रचनेत निफ्ट या संस्थेचा हात होता. त्याच्या हुबेहूब नकला विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये. खाकी, काळा, शेवाळी हे साधे रंग आहेत की.

‘एल’ म्हणजे किती

मापाच्या अक्षरांवर विसंबणाऱ्याचा घात होतो. एका कंपनीचा ‘एम’ दुसरीच्या ‘एल’एवढा. आपल्याकडे आजवर ब्रिटिश आणि अमेरिकी मापांवरच काम भागवलं गेलं. भारतीय शरीरांची स्वतःची मापं ठरवण्यासाठी निफ्टने २५,००० माणसं मोजण्याचं सर्वेक्षण हाती घेतलं, ते याचसाठी. ती मापं दुकानांत येईपर्यंत उपाय जुनाच. घरातली सगळ्यांत अंगाला बसणारी पँट सपाट जमिनीवर पसरायची आणि टेपने पाच मापं कागदावर घ्यायची. कंबर, आसनाची उंची, मांडी, आतली लांबी आणि पायाचा घेर. ऑनलाइन घेताना या पाचांतली आसनाची उंची बघितली की निम्मी चूक टळते, कारण ढगळ दिसणारी पँट आसनात आखूड असेल तर ती ढगळ असूनही बसताना कापते.

जॉगरची लांबी घोट्याच्या हाडाशी संपावी. रिब घोट्यावर नीट बसते की नाही हे बुटावर नाही, अनवाणी बघावं. भात लावणीला उतरणारी मुलं हल्ली जॉगरच गुडघ्यावर ओढून घेतात. ज्यांची रिब घट्ट, त्यांची पँट दिवसभर वर राहते. सैल रिबवाले दर दहा पावलांनी खाली वाकून ओढत असतात. एकाने मला बांधावर उभं राहून सांगितलं, की लावणीची जॉगर वेगळी आणि कॉलेजची वेगळी. लावणीच्या जॉगरची रिब आईने पुन्हा घट्ट करून दिली होती.

झाकण आहे, खिसा नाही

बायकांच्या कार्गोंच्या रॅकसमोर उभं राहिलं की राग येतो. मांडीवर झाकण, झाकणावर बटण, बटणाखाली काही नाही. झाकण थेट पँटीवर शिवलेलं. काही ठिकाणी खिसा असतो, पण दोन बोटं जातील एवढा. कारण विचारलं तर दुकानदार म्हणतो, फुगलं की लेडीजना आवडत नाही. आवडत नाही असं सांगणारी एकही बाई मला भेटली नाही. मांडीवर खिसा शिवायचा म्हणजे कापड, चुण्या आणि चार बारटॅक. नुसतं झाकण शिवलं की दिसतं तेच आणि तो सगळा खर्च वाचतो, हे कारण मला जास्त पटतं.

हिंजवडीला कामाला असणारी, रोज पिरंगुटहून दुचाकीवर जाणारी एक मुलगी काकांकडे माझ्यासमोर आली. तिने पुरुषांच्या रॅकमधली कार्गो घेतली होती, खिशांसाठी. मांडीत बसली, कंबर तीन इंच सैल. काकांनी पहिल्यांदा पँटीची मागची बाजू बघितली. बेल्टला मधोमध जोड असेल तर तो उसवून मागची शिवण आत घेता येते आणि काम कळतही नाही. हिच्या बेल्टला जोड नव्हता, अखंड पट्टा होता. तसा आत घेतला असता तर मागचे दोन खिसे एकमेकांना भिडले असते. काका म्हणाले, बाजूंना आतून थोडं इलास्टिक घालू. दिसणार नाही, बेल्टही लागणार नाही.

मग तिने पिशवीतून दुसरी काढली. बायकांच्या रॅकमधली, रंग सुरेख, दोन्ही मांड्यांवर खोटी झाकणं. यांच्याखाली खिसे लावता येतील का? काकांनी झाकणाची कड उचलून टीप तपासली. वरची टीप ठेवायची, बाजूच्या दोन उसवायच्या आणि आत खिसा बसवायचा. आसनातून गेलेल्या, कुणीतरी टाकून दिलेल्या पँटीचा, रंग जवळपास जुळणारा तुकडा त्यांनी ढिगातून ओढून काढला. खिशाला बाजूंनी चुण्या हव्यात, नाहीतर फोन बसणार नाही, हे तिने आपणहून सांगितलं.

काकांनी टेप उचलला आणि तिच्याकडे हात पुढे केला. “फोन द्या.” लांबी, रुंदी, जाडी, कव्हरासकट. खडूने कापडावर चौकोन पडला.

“आणि पुढच्या वर्षी मोठा फोन घेतला तर?”

“एक इंच जास्त ठेवतो,” काका म्हणाले. “त्याहून मोठा घेतलात तर पँट पण नवी घ्या.”